सोलापूरच्या विणकर घरातून ‘दक्षिणचित्र’ पाहताना

चेन्नईहून महाबलीपुरमकडे समुद्राच्या कडेने जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रस्त्यावर मुट्टुकाडू नावाचे गाव आहे. तेथे ‘दक्षिणचित्र’ हे संग्रहालय आहे. दक्षिण भारतातील जुनी घरे मूळ जागेवरून सोडवून तेथे आणली आहेत, पुन्हा उभी केली आहेत आणि त्यांत त्या त्या घरची भांडीकुंडी, अवजारे व कारागीर यांना जागा दिली आहे. थंडीच्या दिवसांत मी, माझी ७६ वर्षांची आई आणि नववीत शिकणारी मुलगी अशा तिघांनी सोलापूरहून रात्रीची रेल्वे पकडून हे ठिकाण पाहिले. आम्ही साळी, घरात तीन पिढ्या हातमाग चालला. त्यामुळे हा परिचय विणकराच्या घरातून गेलेल्या माणसाचा आहे आणि त्यात विणकरांच्या घरांना इतर घरांपेक्षा जास्त जागा मिळालेली दिसेल, हे आधीच सांगतो.

मद्रास क्राफ्ट फाउंडेशन ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली आणि तिने उभारलेले हे संग्रहालय डिसेंबर १९९६ मध्ये लोकांसाठी खुले झाले. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर तामिळनाडूत स्थायिक झालेल्या डेबोरा त्यागराजन या त्यामागची मुख्य प्रेरणा आहेत. राज्य सरकारने भाडेपट्ट्याने दिलेल्या दहा एकर जमिनीचा आराखडा वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केला आणि त्यांच्याच मुशीत घडलेले वास्तुरचनाकार बेन्नी कुरियाकोस यांनी पुढचे काम पाहिले. जुनी घरे एका जागी आणून त्यांत जुने जगणे दाखवायचे, ही कल्पना युरोपात स्वीडनच्या आर्थर हॅझेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोमला ‘स्कॅन्सेन’ उभारून रुजवली. तेथील प्रेरणा थंड प्रदेशातील असली, तरी येथील घरे आपल्या उन्हापावसातली आहेत, आणि त्यांतले प्रत्येक दार कोणत्या वाऱ्यासाठी ठेवले आहे, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही.

घरे आणण्याची पद्धत मला फार मोलाची वाटली. ज्या घराचा मालक ते पाडून नवे बांधणार होता, अशी घरे शोधली गेली. जे लाकूड सरपणाच्या किंवा जुन्या बाजाराच्या वाटेला लागले असते, ते विकत घेतले गेले. मग खांब, तुळया, चौकटी, दगड एकेक करून उतरवले, वाहून आणले आणि त्याच प्रदेशातील सुतार-गवंड्यांकडून पुन्हा जुळवून घेतले. लाकडाचा सांधा ज्याच्या हातचा, त्याच्याच परंपरेतला माणूस तो पुन्हा बसवतो, तेव्हा घर नुसते दिसायला जुने राहत नाही. ते ज्या रीतीने उभे राहिले, ती रीतही टिकते. तामिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण या भागांतली मिळून अशी १८ घरे येथे आहेत.

स्थानकावरून आम्हाला नेणाऱ्या भाड्याच्या गाडीच्या चालकाने “तासाभरात बघून होतं, पुढे महाबलीपुरमला जाऊ,” असे सांगून वाटेतच घाई सुरू केली होती. मी त्याला संग्रहालयाच्या दारातूनच हिशेब देऊन परत पाठवले, आणि ते बरेच झाले, कारण आम्ही सकाळी आत गेलो ते संध्याकाळी दारे बंद होण्याच्या वेळेस बाहेर आलो. ज्याला हे ठिकाण खरोखर पाहायचे आहे, त्याने पुढचा कार्यक्रम त्या दिवशी ठेवू नये.

सुरुवात तामिळ घरांपासून होते. चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याचे घर सर्वांना आवडते, त्यापुढे फोटो काढणाऱ्यांची रांग असते आणि ते साहजिक आहे. ब्रह्मदेशाशी व्यापार करून संपत्ती मिळवलेल्या नाट्टुकोट्टै चेट्टियारांच्या या घरांत सागाचे तुळतुळीत खांब, कोरीव दरवाजे आणि एकामागून एक मोकळे चौक असतात. घरमालकाला काय मिरवायचे आहे, ते उंबऱ्यातच कळते. त्याच्या शेजारचे अग्रहारातले, म्हणजे ब्राह्मणवस्तीतले, घर अरुंद आणि लांबलचक आहे, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असाव्यात अशा बेताने बांधलेले. दोन्ही घरांच्या दर्शनी भागाला ‘तिण्णै’ म्हणजे आपला ओटा आहे. वाटसरूने टेकावे, पाणी मागावे, घरातल्या माणसाने संध्याकाळी बसून गल्ली पाहावी, यासाठी घराने गल्लीला दिलेली ती जागा. आईचे गुडघे दुखतात. दिवसभरात ती अशा सहा-सात ओट्यांवर बसली आणि दर वेळी तेथे गार वारा होता.

कांचीपुरमच्या रेशीम विणकराच्या घराशी आम्ही आलो, तेव्हा आईचे बोलणे थांबले. दारातून आत पहिल्याच खोलीत माग होता. खड्डामाग. जमिनीत गुडघाभर खोल खड्डा, त्याच्या काठावर विणकर बसतो, पाय खड्ड्यात सोडून पायपट्ट्या दाबतो आणि ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, जमिनीला समांतर पुढे पसरतो. मुलीला हा खड्डा कशासाठी, ते कळेना. आईने तिला सांगितले, की मातीतला ओलावा खालून वर येत राहतो, म्हणून सूत कोरडे पडून तुटत नाही, आणि उन्हाळ्यात पायांनाही गारवा मिळतो. संग्रहालयातला विणकर तमिळच बोलत होता आणि आम्हा तिघांपैकी कोणालाही तमिळ येत नाही. तरीही आईने हात पुढे करून त्याच्याकडे पाहिले, त्याने मान हलवली, आणि तिने ताण्यावरून हाताची मागची बाजू अलगद फिरवली. धाग्यांचा ताण तळहाताने नाही, बोटांच्या पाठीने तपासायचा असतो, हे मी लहानपणी पाहिले होते आणि पुरते विसरून गेलो होतो. त्या विणकराने तिचा हात पाहिला आणि तो हसून थोडा बाजूला सरकून बसला.

कांचीपुरम साडीचा काठ आणि अंग यांचे रंग वेगळे असतात आणि तरीही जोड भक्कम असतो, याचे कारण तेथे प्रत्यक्ष पाहायला मिळते. अंगासाठी एक आणि दोन्ही काठांसाठी दोन, असे तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारी लाकडी अवजारे, चालतात, आणि काठाचा धोटा टाकण्यासाठी मागावर दुसरा माणूस लागतो. या विणीला ते ‘कोर्वै’ म्हणतात. पदराचा रंग बदलायचा असेल, तर अंगाच्या ताण्याचा एकेक धागा पदराच्या नव्या धाग्याला पिळून जोडतात, ते ‘पेट्नी’. हे सगळे नाव घेऊन वाचले, तर तांत्रिक वाटते. पण हजारो धागे एकाला एक जोडायचे म्हणजे किती दिवस पाठ वाकवून बसायचे, हे मागासमोर उभे राहिल्यावरच उमगते, आणि बनारसी-कांचीपुरमच्या किमतीवर दुकानात घासाघीस करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी तेथे उभे राहावे, असे मला मनापासून वाटले.

येथेच एक गोष्ट मला सतत जाणवत राहिली. विणकराचे घर चार भिंतींत पुरे होत नाही. त्याचे अर्धे घर गल्लीत असते. मागावर चढवण्याआधी ताणा पूर्ण लांबीने उलगडावा लागतो, त्याला खळ लावावी लागते, कुंच्याने धागे मोकळे करावे लागतात, आणि हे सगळे ऊन कडक होण्याआधी उरकावे लागते. आमच्याकडे याला पाजणी म्हणतात. पाजणीला लांब, सरळ, सावलीची गल्ली लागते, आणि गल्लीत दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांनी आपापली गुरेढोरे, सायकली आणि मुले तेवढा वेळ आवरून धरावी लागतात. कांचीपुरमच्या विणकरांच्या गल्ल्यांतही सकाळी असेच ताणे पसरलेले असतात. संग्रहालयाला घर आणता येते. ही गल्ली आणता येत नाही. दक्षिणचित्रमधली वाट झाडांच्या सावलीतून वळणे घेत जाते, चालायला आणि डोळ्यांना फार सुखाची आहे, पण पाजणी तिच्यावर होणार नाही. हा त्या संस्थेचा दोष नाही. जागेची मर्यादा आहे. मात्र पाहणाऱ्याने विणकराच्या ओट्यावर उभे राहून समोर सरळ दोनशे पावलांची गल्ली मनाने जोडली, तरच ते घर त्याला नीट दिसेल.

केरळच्या घरांत लाकूडकाम पाहण्यासारखे आहे. पुतुप्पळ्ळीच्या सीरियन ख्रिस्ती कुटुंबाचे घर जवळजवळ संपूर्ण लाकडाचे आहे आणि भाताचे कोठार घराच्या मानाच्या जागी आहे, म्हणजे घरात शिरणाऱ्याला आधी धान्य दिसते. याबद्दल जाणकार जास्त सांगू शकतील, म्हणून मी पुढे जातो. विशाखापट्टणमजवळच्या हरिपुरम गावचे गोल घर मात्र मुलीला सर्वांत आवडले. चक्रीवादळाच्या किनाऱ्यावर चौकोनी घराच्या कोपऱ्यावर वारा आदळतो आणि छप्पर उचलतो. गोल भिंतीवरून तो घसरून जातो. ताडाच्या पानांचे छप्पर इतके खाली आणले आहे, की मोठ्या माणसाला वाकूनच आत जावे लागते. शाळेत वाऱ्याच्या दाबाचे धडे शिकलेल्या मुलीने पाच मिनिटे त्या भिंतीवरून हात फिरवत फेरी मारली आणि मग स्वतःच्या वहीत त्या घराचे चित्र काढले. त्याच आवारात कुंभाराच्या चाकावर तिने एक पणती केली. बाजूंनी ती वेडीवाकडी झाली होती, तरी कुंभाराने ती तशीच उतरवून सुतळीने कापून तिच्या हातात दिली.

कर्नाटकातल्या इलकल गावच्या विणकराचे घर आम्हा सोलापूरकरांसाठी या दिवसाचा गाभा ठरले. त्याचा दर्शनी भाग घडीव दगडाचा आहे आणि तो पाहताच आई म्हणाली, “हे तर आपल्याच बाजूचं घर आहे.” तिचे माहेर अक्कलकोट तालुक्यातले, कानडी तिला मराठीइतकीच येते. त्या दिवशी तिच्या अंगावरही इरकलच होते, गडद हिरवे, लाल पदराचे, कारण प्रवासाला निघताना ती दुसरे काही नेसत नाही. आपल्याकडे ज्याला आपण इरकल म्हणतो, ते हेच इलकल. सोलापूर, विजापूर, सांगली या पट्ट्यातल्या कितीतरी आज्यांचा जन्म या लुगड्यात आणि गुळेदगुड्डच्या खणाच्या चोळीत गेला.

इलकलच्या अंगाचा ताणा आणि पदराचा रेशमी ताणा वेगवेगळा असतो आणि ते दोन्ही एकमेकांत फास अडकवून जोडले जातात. त्यामुळे एकाच लांब ताण्यावर दहा लुगडी सलग विणता येत नाहीत. सहा, आठ किंवा नऊ वारी जे लुगडे करायचे, त्याचा स्वतंत्र ताणा लावावा लागतो. म्हणजे प्रत्येक लुगड्यामागे जोडणीचे तेवढे काम पुन्हा. पदरावर पांढऱ्या रंगात जी नक्षी उतरते, तिच्या एका प्रकाराचे नाव ‘तोपतेनी’ आहे. आईने मुलीला स्वतःचा पदर उलगडून दाखवला आणि सांगितले, की कानडीत तेनी म्हणजे कणीस. शाळू पिकवणाऱ्या मुलखाने आपल्या लुगड्यावर शाळूचे कणीस विणले आहे. फणीसारखी नक्षी, कोटाच्या तटासारखी नक्षी, अशी बाकीची चिन्हेही तिने बोटाने दाखवली. ती पन्नास वर्षे हेच लुगडे नेसते आहे आणि मी पन्नास वर्षांत एकदाही तिला त्याबद्दल विचारले नव्हते.

शब्दांचाही एक आनंद तेथे मिळाला. मराठीत आपण माग म्हणतो, कानडीत मग्ग, तेलुगूत मग्गम. तमिळमध्ये मात्र ‘तरि’, म्हणून कांचीपुरमच्या घरात आईचा शब्द चालला नाही, आणि नलगोंडा भागातील इकत विणकराच्या घरात आम्ही पोहोचलो, तेव्हा तो पुन्हा चालू लागला. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला कामापुरते तेलुगू येतेच. आमच्या शेजारची सगळी पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांची, घरे तेलंगणातूनच आलेली, आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा त्या गर्दीत आमच्यासारखी मराठी साळी-कोष्टी मंडळीही तितक्याच भक्तीने उभी असतात. इकतची कला वेगळी आहे. कापड विणून मग छापायचे नाही, तर विणण्याआधीच धाग्यांच्या जुड्या ठरलेल्या जागी घट्ट बांधून रंगात बुडवायच्या, सोडायच्या, पुन्हा बांधायच्या, पुन्हा बुडवायच्या. नक्षी धाग्यातच लपलेली असते आणि विणता विणता उघडत जाते. धागा केसभर सरकला, की फुलाची कड पिसासारखी पसरते. आणि ती पसरलेली कडच अस्सल इकतची खूण आहे. आई म्हणाली, की गल्लीतल्या तेलुगू बायका कांड्यांवर सूत भरता भरता त्यांच्या गावाकडच्या या रंगवणुकीबद्दल बोलायच्या, पण तिने ते डोळ्यांनी आजच पाहिले.

हे सर्व इतके चांगले मांडलेले असताना एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. दक्षिणचित्रमध्ये व्यापाऱ्याच्या वाड्यातून ब्राह्मणाच्या घरात आणि तेथून विणकराच्या, कुंभाराच्या, बुरूडकाम करणाऱ्याच्या घरात काही पावलांत जाता येते. प्रत्यक्ष गावात ही घरे अशी शेजारी नव्हती. त्यांच्यात अंतर होते, आणि ते नुसते पावलांचे नव्हते. कोणी कोणत्या विहिरीवर जायचे आणि कोणाच्या ओट्यावर बसायचे नाही, याचे होते. पाहण्याच्या सोयीसाठी घरे जवळ आणावीच लागतात. पण मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी तेथेच, त्या ओट्यावर बसून, हे अंतर त्यांना सांगावे. माझ्या आईने तेच केले. ज्या तिण्णैवर ती आरामात टेकली होती, तशा ओट्यावर तिच्या आजीला गावात उभेही राहू दिले नसते, असे तिने नातीला अगदी साध्या शब्दांत सांगितले. तसेच, विणकराच्या घरात माग दिसतो, पण सावकाराचे कर्ज, सूत उधारीवर आणून तयार माल त्याच दारात नेऊन टाकण्याची सक्ती आणि धुळीने येणारा खोकला दिसत नाही. ज्यांच्या घरात ते होते, त्यांनी ते सांगितले पाहिजे.

आमच्या घरातला माग आता नाही. नव्वदच्या दशकात वडिलांनी यंत्रमागावर टॉवेल काढायला सुरुवात केली. हातमाग मोडला. त्याचे लाकूड पुढे दोन हिवाळे बंबात जळले, आणि खड्डा मुरूम टाकून बुजवून वर फरशी घातली. एक धोटा तेवढा आईने ठेवला आहे. खंडेनवमीला ती त्याला हळदकुंकू वाहते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान आहेच. पण ती चादर ज्या घरांत विणली गेली, त्या घरांपैकी एकही घर, मागासकट, खड्ड्यासकट, पाजणीच्या गल्लीसकट, कोणी राखून ठेवलेले नाही. साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंतच्या गल्ल्यांत अशी घरे अजून सापडतात. दर वर्षी त्यांतली काही पाडली जातात. आणि आपल्याला तर घर उचलून दुसरीकडे नेण्याचीही गरज नाही. घर जागेवर आहे, गल्ली समोर आहे, विणणारे हात अजून जिवंत आहेत. दक्षिणचित्रला जे कधीच जमणार नाही, ते सोलापूरला जमू शकते, आणि त्यासाठी दहा एकर जागा लागत नाही.

परतीच्या गाडीत वाडी स्थानक मागे पडल्यावर आईने मुलीची वही मागून घेतली आणि आमच्या जुन्या घराचा नकाशा काढून दाखवला. माग कुठे, कांड्या भरायची जागा कुठे, खळ शिजवायची चूल कुठे, आणि ताणा बांधायच्या खुंट्या पिंपळापासून नळापर्यंत किती पावलांवर होत्या, हे तिने आठवून आठवून मांडले. मी ते सगळे लिहून घेतले आहे.

जाणाऱ्यांसाठी काही उपयोगाच्या गोष्टी. संग्रहालय मंगळवारी बंद असते. सकाळी उघडताच आत जावे. दुपारी किनाऱ्याचा दमट उकाडा वाढतो आणि शाळांच्या सहलीही त्याच वेळी येतात. आधी कर्नाटक आणि आंध्र-तेलंगणची घरे पाहून मग तामिळनाडूकडे वळल्यास गर्दी उलट दिशेला असते आणि कारागिरांशी निवांत बोलता येते. आम्ही हे उशिरा शिकलो. आत जेवणाची सोय आहे, केळीच्या पानावरचे साधे दाक्षिणात्य जेवण पोटभर मिळते. वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल, तर उंच उंबरठे आणि ठेंगणी दारे यांची तयारी ठेवावी, पण त्यांना घरी ठेवून मात्र जाऊ नये. सोलापूरहून मुंबई-चेन्नई मार्गावरच्या गाड्या थेट चेन्नईला जातात; परतीचे आरक्षण आधी करावे, विशेषतः पोंगलच्या आसपास, कारण त्याच सुमारास आपल्याकडे सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते आणि गाड्या दोन्ही बाजूंनी भरून वाहतात.